धर्म बुडाल्याची आरोळी

परंपरेच्या बाजूनें बोलणाऱ्या पुढाऱ्यांची आपल्याकडे वाण नाहीं. वाण आहे ती त्या बाजूनें नीट बोलणाऱ्यांची. सांस्कृतिक वाद कोणताहि उपस्थित होवो, देवळाचा असो, शहराच्या नांवाचा असो कीं मिरवणुकीचा असो, जुन्याच्या कैवाऱ्यांचा पहिला उद्गार ठरलेला असतो: धर्म बुडाला. दुसऱ्या उद्गारांत बुडविणारांचीं नांवें येतात. तिसरा उद्गार सहसा निघतच नाहीं. कारण नक्की काय बुडालें, तें राखण्यासारखें कां होतें, आणि तें राखण्याकरितां बोलणारा स्वतः काय करणार आहे, हें सांगण्याची पाळी येण्यापूर्वींच टाळ्या पडून सभा उठलेली असते.

प्रस्तुत लेख सुधारकांकरितां लिहिलेला नाहीं, हें आरंभींच सांगून टाकतों. आम्ही जुन्याच्या पक्षाचे आहोंत. आषाढीच्या वारींत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेंत, घरोघरच्या कुलधर्मांत पिढ्यानपिढ्यांचें जें शहाणपण सांठलेलें आहे, तें एखाद्या ठरावाच्या फटक्यासरशीं मोडूं नये, असें आमचें प्रामाणिक मत आहे. पण वकील वाईट असला म्हणजे चांगला दावाहि बुडतो. आमच्या वतीनें गेलीं सव्वाशें वर्षें जे उभे राहिले त्यांनीं कोणते दावे कसे जिंकले आणि कसे घालविले, याचा हिशेब आतां आपल्याच माणसांनीं मांडला पाहिजे.

पहिलें उदाहरण अर्थातच संमतिवयाचें. मुंबईचे पारशी पत्रकार बेहरामजी मलबारी यांनीं १८८४ सालीं बालविवाह व सक्तीचें वैधव्य यांवर आपलीं टिपणें प्रसिद्ध केलीं आणि वादास तोंड फुटलें. पुढें १८८९ सालीं कलकत्त्यास फुलमणी नांवाची दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी पतीच्या अत्याचारानें मरण पावली. जानेवारी १८९१ मध्यें सरकारनें विधेयक मांडलें, आणि त्याच वर्षाच्या मार्चांत संमतीचें वय दहावरून बारा झालें. या विधेयकाला महाराष्ट्रांत कडवा विरोध झाला तो टिळकांचा. एवढें सर्वांस ठाऊक असतें. परंतु सुमारें पांच महिने आधीं, १८९० च्या ऑक्टोबरांत, टिळकांनीं स्वतः कांहीं कलमें मांडलीं होतीं, तीं मात्र आमच्या पक्षाच्या फार थोड्या लोकांस आठवतात. मुलीचें लग्न सोळा वर्षांपूर्वीं करूं नये, मुलाचें विसांपूर्वीं करूं नये. चाळिशीनंतर पुरुषानें लग्न करूं नये, करावयाचेंच असेल तर विधवेशीं करावें. हुंडा घेऊं नये. विधवांचें केशवपन करूं नये. मिळकतीचा दशांश सार्वजनिक कार्यास द्यावा. हीं बंधनें जे सही करतील त्यांच्यापुरतीं लागू व्हावींत, परक्या सरकारच्या कायद्यानें सर्वांवर लादलीं जाऊं नयेत, एवढाच त्यांचा आग्रह होता.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. कायदा बारा म्हणत होता, सनातन्यांचा पुढारी सोळा म्हणत होता. बालविवाह बंदीचा शारदा कायदा १९२९ सालीं झाला त्यानेंहि मुलीचें वय चौदाच धरलें. सोळाची मर्यादा गांठावयास त्यापुढेंहि जवळजवळ पन्नास वर्षें जावीं लागलीं. परंपरेच्या कैवाऱ्याला याहून उत्तम भूमिका मिळणें शक्य नव्हतें. "आमचें घर आम्हीच साफ करतों, आणि तुम्ही सांगतां त्याहून अधिक करतों, तुम्ही परके, तुम्ही हात लावूं नका." या वाक्याला मलबारींकडे उत्तर नव्हतें आणि सरकारकडेहि नव्हतें.

मग हा दावा बुडाला कां? वाद पेटल्यावर "अधिक करतों" हा अर्धा भाग मागें पडला आणि "हात लावूं नका" एवढाच उरला. पुढच्या महिन्यांतील चर्चा गर्भाधान संस्काराच्या मुहूर्तावर आणि वचनांच्या अर्थावर येऊन ठेपली, आणि तेथें रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारखा पंडित शास्त्राधारानेंच उलट बाजू मांडावयास उभा राहिला. शास्त्रार्थाच्या आखाड्यांत भांडारकरांशीं गांठ पडणें ही कोणासहि सुखाची गोष्ट नव्हती. पण खरा तोटा याहून मोठा आहे. त्या सगळ्या गदारोळांत मेलेल्या मुलीविषयीं आमच्या बाजूकडून जें बोलावयास हवें होतें, तें लोकांच्या कानांवर गेलें नाहीं. ज्यांनीं सोळा वर्षांची अट घातली होती त्यांना तें बोलण्याचा सर्वांत जास्त अधिकार होता. आज शाळेंतल्या मुलाला विचारा. तो सांगेल, टिळकांनीं संमतिवयाच्या कायद्याला विरोध केला. सोळाचा आंकडा त्याला कोणी शिकविलेला नसतो. शिकविणारांचा यांत दोष असेल; पण ज्या पक्षानें स्वतःचें विधायक कलम स्वतःच्याच आरडाओरडीखालीं गाडलें, त्यानें इतिहासाच्या मास्तरांना बोल लावूं नये.

चारच वर्षांनीं, १८९५ सालीं, पुण्यास काँग्रेस भरली तेव्हां तिच्याच मांडवांत सामाजिक परिषद भरूं द्यावी कीं नाहीं यावरून शहरांत जें रण माजलें तें येथें विस्तारानें सांगण्याचें कारण नाहीं. रानड्यांनीं परिषद दुसरीकडे नेली आणि वाद मिटविला. मांडव आमच्या पक्षाला मिळाला; सभ्यतेचें श्रेय रानड्यांना मिळालें. असल्या विजयांवर आमचा पक्ष फार वर्षें जगला.

आतां आपल्या जिल्ह्यांत येऊं. पंढरपूर सोलापूर जिल्ह्यांत आहे ही गोष्ट आम्ही सोलापूरकर अभिमानानें सांगतों. पण १९४७ सालीं तेथें जें घडलें त्याकडे परंपरावादी माणसानें डोळे उघडून पाहिलेलें नाहीं. साने गुरुजींनीं महिनेच्या महिने महाराष्ट्रभर दौरा करून विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलें करण्याविषयीं लोकमत जागें केलें, आणि १ मे १९४७ रोजीं पंढरपुरांत तनपुरे महाराजांच्या मठांत उपोषणास प्रारंभ केला. १० मे रोजीं मंदिर खुलें करण्याचें ठरून उपोषण सुटलें.

या प्रसंगीं कोण कोणत्या भाषेंत बोललें तें पहा. गुरुजी सुधारक खरे. पण त्यांच्या तोंडीं समतेच्या विलायती सिद्धान्तांची परिभाषा नव्हती. ते विठ्ठलाच्या नांवानें मागत होते, संतांच्या नांवानें मागत होते. चोखोबाची समाधि महाद्वारासमोर, नामदेवाच्या पायरीजवळ, उंबऱ्याच्या बाहेर आहे, आणि आंत जाणारा प्रत्येक वारकरी ती ओलांडून जातो. एवढें एक दृश्य ज्याच्या बाजूला आहे त्याला पुस्तकी युक्तिवादाची गरजच काय? आणि आमच्या बाजूचे लोक कशाविषयीं बोलत होते? अधिकाराविषयीं, वहिवाटीविषयीं, पूजेच्या हक्काविषयीं. म्हणजे परंपरेची भाषा सुधारकानें उचलली, आणि परंपरेच्या रक्षकांच्या हातीं राहिली ती फक्त दिवाणी दाव्याची भाषा! ज्या दिवशीं हा अदलाबदल झाला त्याच दिवशीं पंढरपूरचा निकाल लागला. उरलेले दिवस केवळ उपचाराचे.

वहिवाटीची भाषा एकदां तोंडीं बसली म्हणजे ती माणसाला शेवटपर्यंत ओढीत नेते, याचाहि दाखला तेथेंच आहे. १९७३ सालीं पंढरपूर मंदिरांचा कायदा होऊन बडवे, उत्पात व इतर सेवाधारी यांचे वंशपरंपरागत हक्क रद्द झाले. त्यावरचा खटला कोर्टांतून कोर्टांत चालत राहून जानेवारी २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यांच्या विरुद्ध संपविला. चाळीस वर्षें! इतक्या काळांत लोकांच्या मनावर ठसलें तें एवढेंच, कीं वाद उत्पन्नाचा आहे. पूजेचे बारकावे पिढ्यानपिढ्या सांभाळणाऱ्या घराण्यांच्या बाजूनें सांगण्यासारखें कांहींच नव्हतें असें आम्ही म्हणत नाहीं, पुष्कळ होतें. पण १९४७ सालीं ज्यांनीं दार अडविलें त्यांच्या तोंडून तें ऐकण्याची लोकांची तयारी पुढें राहिली नाहीं.

नाशिकची हकीकत तर याहून दारुण आहे. काळारामाच्या दारांत सत्याग्रह सुरू झाला मार्च १९३० मध्यें. पांच वर्षें माणसें दारांत उभीं राहिलीं. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं येवल्यास डॉ. आंबेडकरांनीं धर्म सोडण्याचा निश्चय जाहीर केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास लाखों अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. जे हिंदु समाज राखावयास निघाले होते त्यांनीं दार राखलें आणि माणसें गमावलीं. "धर्म बुडाला" असें ओरडण्याचा खरा प्रसंग तोच होता; पण त्या वेळीं ओरडावयाचें तर आरशासमोर ओरडावें लागलें असतें.

याच जिल्ह्यांतला दुसरा एक वाद फारसा कोणी सांगत नाहीं, आणि तो आमच्या सिद्धान्ताला जरा अडचणीचाहि आहे. म्हणून तो वगळणें बरें दिसणार नाहीं. १९४७ च्या हरिजन मंदिर-प्रवेश कायद्याखालीं माळशिरस तालुक्यांतील अकलूजच्या जैन मंदिराचा प्रश्न निघाला आणि तो मुंबईच्या उच्च न्यायालयांत गेला. जुलै १९५१ मध्यें मुख्य न्यायमूर्ति छागला यांच्या न्यायपीठानें निर्णय दिला कीं, या कायद्यानें हरिजनांना इतर हिंदूंच्या बरोबरीचा हक्क मिळतो. पण जैनेतर हिंदूंनाच जैन मंदिरांत हक्कानें जाण्याची वहिवाट नसेल तर हरिजनांनाहि तो या कायद्यानें मिळत नाहीं. त्या काळांत आचार्य शांतिसागर महाराजांनीं कायद्याच्या निषेधार्थ तीन वर्षें धान्य वर्ज्य केलें होतें.

या प्रकरणांतला हेतु आम्हांला रुचत नाहीं. दार कोणासाठीं बंद ठेवण्याची ती खटपट होती हें सांगण्याची गरज नाहीं. परंतु बोलण्याची रीत म्हणून पाहिलें तर पंढरपुरापेक्षां ही शंभर पटींनीं सरस होती. मागणी नेमकी होती. कोणास शिवी नव्हती. झळ सोसली ती आचार्यांनीं स्वतःच्या देहावर सोसली, दुसऱ्याच्या घरावर दगड टाकून नव्हे. म्हणून ती ऐकली गेली. आणि तरीहि ती टिकली नाहीं: १९५६ च्या कायद्यानें पूजास्थानांच्या व्याख्येंत जैनांचीं स्थानेंहि घातलीं. भाषा शुद्ध असली म्हणजे अन्यायाचें न्यायांत रूपांतर होतें, असें कोणीं समजूं नये. ती फक्त ऐकून घेण्यापुरता वेळ मिळवून देते. त्या वेळांत घर सुधारलें नाहीं तर कायदा पुन्हां दाराशीं येतो.

अलीकडच्या काळांतील जादूटोणाविरोधी कायद्याचा वाद याच दृष्टीनें तपासण्यासारखा आहे. वर्षानुवर्षें सभांतून सांगितलें गेलें कीं हा कायदा झाला म्हणजे वारी बंद होईल, सत्यनारायण बंद होईल, घरांतल्या देव्हाऱ्यावर पोलीस येईल. मसुदा पुन्हां पुन्हां बदलला गेला. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. चारच दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरांत कायदा झाला. त्या कायद्याचें बारावें कलम आमच्या किती वक्त्यांनीं वाचलें आहे? प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाहीं, असें त्यांत स्वच्छ लिहिलें आहे. ही परंपरावाद्यांची खरीखुरी कमाई होय. मसुद्यांतील संदिग्ध शब्दांवर बोट ठेवणें, श्रद्धेच्या आचारांना स्पष्ट संरक्षण मागणें आणि तें कायद्याच्या अक्षरांत उतरवून घेणें, याचें नांव संरक्षण. पण या कमाईचें श्रेय घ्यावयास कोणी पुढें येत नाहीं. कारण श्रेय घ्यावें तर कायदा चांगला झाला असें कबूल करावें लागतें, आणि मग पुढच्या सभेंत भीति कशाची दाखवावयाची? वारी तेव्हांपासून चालूच आहे. २०२० व २०२१ सालीं पायीं वारी थांबली ती महामारीमुळें, कोणत्याहि कलमामुळें नव्हे. खोटी भीति दाखविणाऱ्याचें नुकसान पुढें होतें. उद्यां खरोखरच एखादें अविचारी विधेयक आलें, तर "लांडगा आला रे" म्हणणाऱ्या पोराकडे गांव धांवणार नाहीं.

सुधारकांचेंहि कांहीं चुकत नाहीं असें नाहीं. देवाला नमस्कार करणारा प्रत्येक माणूस त्यांना आधीं अडाणी आणि मग लबाड वाटतो. त्यांच्या या तुसडेपणानें आमच्या वाचाळांची जितकी भरभराट झाली आहे तितकी कोणत्याहि वर्गणीनें झाली नसती. पण त्यांचें त्यांनीं पहावें.

आमच्या पक्षांतील व्यवहारी मंडळी यावर हसून म्हणतील: लेख ठीक आहे, पण निवडणूक अशा भाषेनें जिंकतां येत नाहीं, माणूस रागानें उठतो, विवेचनानें उठत नाहीं. याला उत्तर असें कीं, राग आणि द्वेष यांत फरक आहे आणि तो मतदाराला कळतो. १९३० सालीं या शहरावर लष्करी कायदा आला आणि १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास चौघे फांसावर गेले: मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. सोलापूर त्या वेळीं रागानें पेटलें नव्हतें काय? पण त्या चार नांवांकडे पहा. लिंगायत, मुसलमान, मारवाडी आणि मराठा. ज्या शहरांत मराठी, कानडी, तेलुगु आणि उर्दू या चारहि भाषा एकाच पेठेंत ऐकूं येतात, तेथें एका जमातीचा राग दुसरीवर फिरवून मिळविलेलीं मतें पुढच्याच निवडणुकींत फुटतात. सिद्धांतासाठीं नको, तर हिशेबासाठीं तरी हें ध्यानांत घ्यावें.

विद्यापीठाच्या नांवाचा वाद आठवावा. सोलापूर विद्यापीठ २००४ सालीं स्थापन झालें. त्याला सिद्धेश्वरांचें नांव द्यावें अशी एक मागणी होती, अहिल्यादेवींचें द्यावें अशी दुसरी. २०१९ सालीं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचें नांव देण्यांत आलें. दोन्ही मागण्या परंपरेच्याच होत्या, दोन्ही नांवें वंदनीय होतीं. एक बाराव्या शतकांतला शिवयोगी, ज्यानें तलाव खोदविला आणि ज्याची यात्रा संक्रांतीस अजून शहर थांबवून ठेवते. दुसरी अठराव्या शतकांतली राज्यकर्ती, जिनें काशीपासून सोमनाथापर्यंत देवळें उभारलीं. अशा वेळीं परंपरेच्या पुढाऱ्यानें दोन्ही बाजूंस जाऊन दुसऱ्याच्या पूज्य पुरुषाचें माहात्म्य सांगावयाचें असतें. धनगर समाजाच्या सभेंत सिद्धरामाच्या श्रमदानाविषयीं बोलावें, लिंगायत समाजाच्या सभेंत अहिल्याबाईंच्या न्यायाविषयीं बोलावें. यांत मत जाण्याचा धोका आहे हें खरें. पण उलट वाट सोपी असते म्हणूनच बहुतेक जण तिनें जातात, आणि मग सबंध प्रकरण कोणत्या जातीचीं मतें किती, एवढ्यावर येऊन थांबतें. ज्या दोन थोर व्यक्तींच्या नांवानें वाद चालला त्यांच्याविषयीं विद्यार्थ्यांच्या ज्ञानांत त्या वादानें एका ओळीची तरी भर पडली काय?

आणि आतां सध्यांचा, रस्त्यावरचा वाद: मिरवणुकींतील डीजेचा. आवाजाचे नियम २००० सालचे आहेत. रात्रीं दहा ते सकाळीं सहा ध्वनिवर्धक बंद हा दंडक सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं पक्का केला. सोलापुरांत उत्सवांची आणि जयंत्यांची संख्या मोठी, मिरवणुका मोठ्या आणि रस्ते अरुंद. छातींत धडकी भरविणाऱ्या त्या भिंतींसमोरून म्हातारें माणूस जाऊं शकत नाहीं. नियमाची गोष्ट निघाली कीं आमचे पुढारी उभे राहतात आणि विचारतात: आमच्याच सणांवर बंधनें कां? त्यांच्या भोंग्यांचें काय?

येथें परंपरावाद्याला जो दावा आयता मिळाला होता तो त्यानें आपल्या हातांनीं फेंकून दिला. डीजे आमच्या परंपरेंत केव्हां आला? सोलापूरचें लेझीम महाराष्ट्रांत नांवाजलेलें आहे. हलगी आहे, संबळ आहे, सनई-चौघडा आहे. नंदीध्वज खांद्यावर पेलून तोल सांभाळीत चालणाऱ्या मानकऱ्यांची मिरवणूक आहे, जिला कानठळ्या बसविण्याची गरज कधीं पडली नाहीं. १८८५ सालीं बसविलेल्या आजोबा गणपतीची परंपरा सोलापूरकर पुण्याच्याहि आधींची म्हणून मिरवतात. मग परंपरेचा पक्ष डीजेच्या बाजूला कसा? त्यानें तर सर्वांच्या आधीं उठून म्हणावयास हवें होतें कीं हा भाड्यानें आणलेला गोंगाट आमच्या सणाचा शत्रु आहे. आमच्या लेझीमाच्या पोरांना रस्ता द्या, त्यांना साहित्य द्या, त्यांना बक्षिसें द्या. हें म्हटलें असतें तर त्याला दुसऱ्या कोणत्याहि धर्माकडे बोट दाखविण्याची जरूरच पडली नसती. आणि भोंग्याचा नियम सर्वांना सारखा असावा ही मागणीहि त्याच्या तोंडीं शोभली असती, कारण आधीं स्वतःच्या मंडळाचा आवाज त्यानें कमी केलेला असता.

पण त्याकरितां एक अडचण दूर करावी लागेल. डीजेचें भाडें पुष्कळ ठिकाणीं वर्गणींतून जात नाहीं. तें देणाऱ्याचें छायाचित्र त्याच भिंतीच्या वर, देवाच्या छायाचित्राहून मोठें, लावलेलें असतें. येत्या गणेशोत्सवाच्या आधीं आमच्या पक्षाच्या प्रत्येक पुढाऱ्यानें आपण कोणत्या मंडळाला कशासाठीं किती पैसे देणार, लेझीमाला किती आणि डीजेला किती, हें जाहीर करावें. संस्कृतीवरचें भाषण आम्ही त्यानंतर ऐकूं.